सोसायटीचं रंगकाम, मागून जाणारी २२ केव्हीची लाईन आणि 'तासभर बंद करून घेऊ'

सेक्रेटरी_नाइलाजाने (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

मुंबईच्या पूर्व उपनगरात आमची तळमजला अधिक चार मजल्यांची जुनी सोसायटी आहे. पावसाच्या आत बाहेरची दुरुस्ती, वॉटरप्रूफिंग आणि रंग असं काम काढलंय. तीन बाजूंचा काही प्रश्न नाही. मागच्या बाजूने, नाल्याच्या कडेकडेने, उघड्या तारांची २२ केव्हीची (२२ हजार व्होल्टची) लाईन जाते. दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत उभं राहिलं की तारा जवळपास डोळ्यांसमोर येतात.

कंत्राटदार म्हणतो, "काळजी करू नका साहेब, लाईनमन ओळखीचा आहे. रोज दुपारी तास-दोन तास बंद करून घेऊ, तेवढ्यात पोरं मागची भिंत उरकतील." कमिटीतले निम्मे लोक खूश, कारण अर्ज नाही, फेऱ्या नाहीत, पैसे नाहीत. मला हे पटत नाहीये, पण का पटत नाही ते मीटिंगमध्ये धड मांडता आलं नाही. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

फुकटचा_सल्लागार

उगाच बाऊ करताय. परांची बांबूची, बांधायला काथ्या. यातून करंट जातो का? मुंबईत निम्म्या इमारतींच्या अंगाला तारा घासून जातात, रंगारी रोज काम करतात. कागदपत्रांच्या मागे लागलात तर पाऊस येईल आणि गळती तशीच राहील.

निवृत्त_तारवाला

सल्लागार, बांबूचं नंतर बोलू. सेक्रेटरीसाहेब, तुम्हाला का पटत नाहीये ते मी सांगतो. माझी उभी नोकरी वीज वितरणात गेली, त्यातली बरीचशी खांबावर.

'ओळखीचा लाईनमन बंद करतो' म्हणजे काय होतं? तो येतो, एबी स्विचचा (खांबावरचा, लाईन तोडायचा हाताने ओढायचा स्विच) दांडा ओढतो, कुलूपसुद्धा न लावता निघून जातो. सबस्टेशनच्या रजिस्टरला नोंद नाही, ऑपरेटरला पत्ता नाही. त्यांच्या लेखी लाईन चालू आहे. पुढच्या वस्तीतून 'लाईट गेली' म्हणून फोन सुरू होतात. पाळीवरचा दुसरा माणूस फॉल्ट शोधत निघतो. त्याला स्विच उघडलेला दिसतो. तुमची पोरं भिंतीवर आहेत हे त्याला कुणी सांगितलंय? तो दांडा परत चढवतो. तो बिचारा त्याचं काम करतोय, चूक त्याची नाही.

त्याहून वाईट म्हणजे घड्याळाचं शटडाऊन. '२ ला बंद, ४ ला चालू.' ४ वाजता माणूस खाली उतरलेला असेलच, हे कुणी ठरवलं? शेवटचा हात मारायचा राहिला म्हणून रंगारी ४ वाजून ५ मिनिटांनी पण वरच असतो. लाईन चालू होते ती घड्याळ बघून नाही, परमिट, म्हणजे कामाची लेखी परवानगी, परत आल्यावर. ज्याच्या नावावर परमिट त्यानेच माणसं मोजायची, सगळे खाली, हत्यारं खाली, अर्थिंग (तारा जमिनीला जोडणारी जोडणी) काढलं, मगच सही करून परत द्यायचं. फोनवर 'झालं रे' चालत नाही. तिसऱ्यामार्फत निरोप तर नाहीच.

आता स्विच उघडला म्हणजे लाईन मेली असंही नाही. एबी स्विचला तीन पाती असतात. गंजलेल्या स्विचचा दांडा खाली पूर्ण आलेला दिसतो आणि वर एखादं पातं चिकटून राहिलेलं असतं. दोन तारा मेल्या, तिसरी जिवंत. म्हणून मान वर करून तिन्ही पाती डोळ्यांनी बघायची. मग टेस्टर. इन्सुलेटेड काठीवरचा टेस्टर आधी चालू लाईनवर लावून बघायचा, तो पेटतो की नाही. मग आपल्या लाईनच्या तिन्ही तारांवर. मग पुन्हा चालू लाईनवर. शेवटची पायरी लोक गाळतात, पण टेस्टर मधल्या मध्ये बिघडला असेल तर मेलेला टेस्टर आणि मेलेली लाईन सारखीच दिसते.

त्यानंतर अर्थिंग. आधी जमिनीकडचं टोक पक्कं, मग काठीने तारेवर. काढताना उलटं. आणि कामाच्या जागेच्या दोन्ही अंगांना. कुणी चुकून लाईन चार्ज केलीच तर ब्रेकर तिथल्या तिथे ट्रिप होतो. कामाच्या जागी मला अर्थिंग डोळ्यांनी दिसत नसेल तर ती लाईन माझ्यासाठी चालू. मग सांगणारा इंजिनिअर असो की सख्खा भाऊ.

पमाकाकू

बापरे काका. वाचनखूण साठवली. आमच्याकडे केबलवाला मुलगा परवा त्याच खांबावर नुसत्या चपलांवर चढला होता.

फुकटचा_सल्लागार

काका, मान्य. पण हे सगळं लाईनमनने करायचं. रंगाऱ्याचा यात संबंध काय?

निवृत्त_तारवाला

तेच तर म्हणतोय. रंगारी टेस्टर लावणार नाही, अर्थिंग बांधणार नाही. त्याला फक्त 'चढ' म्हणून सांगितलं जातं. म्हणून त्याच्या वतीने कुणीतरी परमिट घेऊन खाली उभं राहायला हवं, आणि तो कंत्राटदाराच्या ओळखीचा माणूस नव्हे, वीज कंपनीने अधिकृत केलेला माणूस.

बांबूचं म्हणाल तर कोरडा बांबू बरा. पण भिंत धुताना पाणी मारता ना? ओला बांबू, ओला काथ्या आणि त्यावर अनवाणी ओला माणूस. शिवाय हल्ली लांब रोलरची दांडी ॲल्युमिनियमची असते. वळताना ती मागे किती जाते, याकडे भिंतीकडे तोंड असलेल्या माणसाचं लक्ष नसतं. अपघात बहुतेक वेळा असाच होतो, पाठीमागे.

ट्रॅक्शनवाला

काकांना दंडवत. मी रेल्वेच्या ओव्हरहेडवर, म्हणजे रुळांवरच्या विजेच्या तारांवर कामाला आहे, आमच्याकडचं थोडं सांगतो.

रविवारच्या मेगाब्लॉकला सगळी मुंबई आम्हाला शिव्या घालते. पण गाड्या थांबल्या म्हणजे तार बंद झाली असं नाही. ट्रॅफिक ब्लॉक वेगळा, पॉवर ब्लॉक वेगळा. गाड्या बंद असतानाही वरची तार २५ हजार व्होल्टवर असू शकते. पॉवर ब्लॉक कंट्रोलकडून मिळतो, दोन्हीकडून खासगी नंबरांची (फोनचे नव्हेत, खात्रीचे सांकेतिक आकडे) देवाणघेवाण होते आणि तो नंबर वहीत उतरतो. नंबर नाही तर ब्लॉक नाही, मग फोनवरचा आवाज कितीही ओळखीचा असो.

तरीही डिस्चार्ज रॉड (तार जमिनीला जोडणारी काठी) लावल्याशिवाय आम्ही तारेला हात लावत नाही. कारणं दोन. एक, शेजारच्या ट्रॅकची तार चालू असते. मुंबईत चार-चार, सहा-सहा ट्रॅक शेजारी शेजारी. चालू तारेमुळे बंद तारेवर दाब (व्होल्टेज) चढतो, कुठेही न जोडता. माणसाला खाली फेकायला तो पुरेसा असतो. दुसरं म्हणजे पँटोग्राफ, गाडीच्या टपावरचा तारेला टेकणारा सांगाडा. चालू सेक्शनमधून गाडी चुकून बंद सेक्शनमध्ये शिरली तर तिचा पँटोग्राफ दोन तारा क्षणभर जोडतो. कुणी कसलाही स्विच न दाबता बंद तार चालू. म्हणून काम करणाऱ्या टोळीच्या दोन्ही बाजूंना रॉड.

मुंबईत पहिली विजेची लोकल ३ फेब्रुवारी १९२५ ला धावली, व्हीटी ते कुर्ला, १५०० व्होल्ट डीसीवर. त्या डीसीवर आयुष्य गेलेल्या जुन्या मंडळींचा तारेजवळचा वावर सैल होता. पश्चिम रेल्वेवर २०१२ ला आणि मध्य रेल्वेवर हार्बरसकट २०१६ ला डीसी संपलं, सगळीकडे २५ केव्ही एसी आलं. दाब सोळापटीहून जास्त. नियम २ मीटरचा: माणूस, हत्यार, शिडी, काहीही चालू तारेच्या २ मीटरच्या आत नको. हे फलाटाच्या छपराचे पत्रे बदलणाऱ्याला आणि होर्डिंगचा फ्लेक्स लावणाऱ्यालाही लागू आहे. फ्लेक्स वाऱ्याने फडफडतो, त्याला मीटर कळत नाहीत.

गल्लीबॉय_घाटकोपर

म्हणजे ही २५ हजारवाली तार २ मीटरवरून माणसाला ओढून घेते? मालगाडीच्या डब्यावर सेल्फी काढायला चढलेली पोरं हात न लावता जळाली, असं ऐकलंय.

गणिती_गोपाळ

ओढून वगैरे काही घेत नाही. कोरड्या हवेत २५ केव्हीची ठिणगी सेंटीमीटरांच्या हिशेबात झेप घेते, मीटरच्या नाही. पोरं जळतात ती डब्यावर उभं राहून हात किंवा मोबाईल वर करतात तेव्हा. डब्याचं टप आणि तार यांत अंतर आधीच कमी असतं, त्यात उंचावलेला हात. स्पर्श व्हायच्या आधीच विजेचा चाप (आर्क) पेटतो, म्हणून 'हात न लावता'.

२ मीटर ठेवलेत ते ठिणगीसाठी नाहीत, माणसासाठी आहेत. तोल गेल्यावर हात किती लांब जातो, खांद्यावरची पट्टी वळताना किती फिरते, त्याचा हिशेब त्यात आहे. त्यामुळे 'मी जपून करतो, मला १ मीटर पुरे' या बोलण्याला अर्थ नाही. जपून करताना कुणाचाच तोल जात नसतो.

नियमकीडा

सेक्रेटरीसाहेब, मीटिंगमध्ये मांडायला कागद लागतो, तो घ्या. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा विनियम आहेत, आधी २०१० चे होते, आता २०२३ चे. ११ केव्हीच्या वर ३३ केव्हीपर्यंतच्या उघड्या लाईनचं इमारतीपासून आडवं अंतर किमान २ मीटर हवं, आणि लाईन इमारतीच्या वरून जात असेल तर उभं अंतर ३.७ मीटर. ११ केव्हीपर्यंत आडवं १.२ मीटर चालतं. अंतर मोजायचं ते वाऱ्याने झोका खाल्लेल्या तारेपासून, शांत लटकणाऱ्या तारेपासून नाही.

तुमच्या कामाचं कलम पुढे आहे. लाईन असलेल्या जागी इमारतीत कायमचा किंवा तात्पुरता बदल करायचा असेल तर मालकाने आणि त्याच्या कंत्राटदाराने वीज कंपनीला आणि विद्युत निरीक्षकांना लेखी कळवायचं असतं, सोबत प्रमाणात काढलेला नकाशा. त्या नकाशात परांचीसुद्धा दाखवायची असते. हे लोकांना माहीतच नसतं. परांची म्हणजे चार दिवसांचे बांबू असं वाटतं, पण तारेच्या दृष्टीने इमारत मीटरभर पुढे सरकलेली असते.

केबल_जॉइंटर

धागा तारांचा आहे, पण शहरात बहुतेक वीज जमिनीखालून जाते म्हणून थोडं अवांतर.

खड्ड्यात चार-पाच केबल शेजारी शेजारी, सगळ्या काळ्या, सगळ्या चिखलाने माखलेल्या. नकाशात डावीकडून दुसरी लिहिलेली केबल खड्ड्यात डावीकडून दुसरी असेलच असं नाही, कारण मधल्या काळात कुणीतरी खोदून गेलेला असतो. बंद केलेली केबल एक आणि करवत चालली दुसरीवर, असे जीव गेलेत. म्हणून आधी यंत्राने सिग्नल सोडून केबल ओळखायची आणि कापण्याआधी लांबून स्पाइक मारायचा. केबलमध्ये खिळा घुसतो, केबल चालू असेल तर जो काय भडका उडायचा तो खड्ड्यात कुणी नसताना उडतो.

आणि बंद केलेली लांब केबल चार्ज धरून ठेवते. सप्लाय नाही म्हणून हात घातला तर ती तिच्या पोटातलं तुम्हाला देते. आधी डिस्चार्ज, मग अर्थ, मग हात.

रस्ता खोदणाऱ्यांना हात जोडून विनंती, जेसीबी लावण्याआधी हाताने चाचणी खड्डा घ्या. वरची विटांची ओळ किंवा फरशी लागली की थांबा. ती कुणी गंमत म्हणून पुरलेली नसते.

सेक्रेटरी_नाइलाजाने

मंडळी, खूप आभार. नियमकीडा यांचा प्रतिसाद छापून कमिटीत वाचून दाखवला. कंत्राटदार आधी हसला, मग 'मालकाने आणि त्याच्या कंत्राटदाराने' हे शब्द ऐकून गप्प झाला. वीज कंपनीला आणि विद्युत निरीक्षकांच्या कार्यालयाला पत्रं दिली, पोच घेतली.

एक प्रश्न. आमच्या लिफ्टला डिझेल जनरेटर आहे. शटडाऊनमध्ये तो चालवायचा का?

रूफटॉप_सोलार

चांगलं विचारलंत. जनरेटरचा चेंजओव्हर (बाहेरची वीज आणि जनरेटर यांत अदलाबदल करणारा स्विच) कसा आहे ते आधी बघा. पक्का इंटरलॉक असेल, म्हणजे एकावेळी एकच बाजू जोडली जात असेल, तर चालवा. पण काही ठिकाणी कुणीतरी जुगाड करून जनरेटर थेट मीटर रूममध्ये जोडलेला असतो. मग तुमचा ४१५ व्होल्ट उलटा ट्रान्सफॉर्मरमध्ये शिरतो आणि पलीकडे २२ केव्ही होऊन बाहेर पडतो. खांबावरच्या माणसाच्या डोक्यावर तुमच्या लिफ्टचा जनरेटर. लाईनमन मंडळी याला 'रिटर्न सप्लाय' म्हणतात आणि सबस्टेशनच्या स्विचइतकेच याला घाबरतात.

सोलारचा ऑन-ग्रिड इन्व्हर्टर बाहेरची वीज गेली की आपोआप बंद होतो, तशी सोय त्यात असतेच. हायब्रिड, बॅटरीवाले मात्र कुणी कसे जोडलेत ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.

निवृत्त_तारवाला

रिटर्नबद्दल एकदम बरोबर. अर्थिंग दोन्ही अंगांना लावायचं ते यासाठीच. सप्लाय कुठून येणार हे तुम्ही ठरवायचं नसतं, तो कुठूनही येईल असं धरायचं.

इमर्जन्सीवाली

मी सरकारी रुग्णालयात काम करते. सगळी खबरदारी घेऊनही झालंच तर काय, ते कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

धावत जाऊन माणसाला ओढू नका. घरातल्या २३० व्होल्टला मेन बंद करा, ते जमत नसेल तर कोरडं लाकूड वगैरे ठीक. उच्चदाबाच्या लाईनला लाकूड, रबरी चप्पल, प्लास्टिकचा पाइप, काहीही चालत नाही. लाईन बंद झाल्याचं कंपनीकडून कळेपर्यंत लांब थांबायचं. हे ऐकायला क्रूर वाटतं, पण एकाच्या जागी तीन मृतदेह यामुळेच येतात. तार जमिनीवर पडली असेल तर तिच्या आसपासच्या जमिनीवरही दाब पसरलेला असतो, दोन पायांत अंतर पडलं की करंट एका पायातून चढून दुसऱ्यातून उतरतो. तुम्ही आधीच जवळ असाल तर पाय जुळवून, न उचलता, सरकत सरकत लांब व्हा.

सुटका झाल्यावर श्वास नसेल तर लगेच छाती दाबायला सुरुवात. मिनिटाला १०० ते १२०, मोठ्या माणसात ५ ते ६ सेंटीमीटर खोल. सोबत दुसऱ्याने १०८ ला फोन. उंचावरून पडला असेल तर मानेला धक्का न देता.

आणि जो उठून बसला, 'काही नाही झालं' म्हणून चहा प्यायला, त्यालाही रुग्णालयात आणा. ईसीजी काढावाच लागतो. बाहेर नाण्याएवढा डाग असतो आणि आत स्नायू शिजलेले असतात. लघवी गडद तपकिरी झाली की किडनीला धोका सुरू झालेला असतो.

पमाकाकू

ताई, हे वेगळा धागा काढून लिहा ना, लोक इथपर्यंत स्क्रोल करणार नाहीत.

अजून कुणीतरी हेल्पलाइन एका जागी द्या.

नियमकीडा

वीज तक्रारींचा नंबर १९१२, महावितरणचा हाच. अदानी १९१२२, टाटा पॉवर १९१२३. रेल्वे १३९. बेस्टवाल्यांनी बिलावरचा आपल्या वॉर्डाचा नंबर फोनमध्ये साठवावा.

सेक्रेटरी_नाइलाजाने

अपडेट देतो, बरंच रामायण झालं.

कंपनीचे इंजिनिअर येऊन अंतर मोजून गेले, खालून, लेसरच्या यंत्राने. भिंतीपासून तारेचं अंतर २.१ मीटर निघालं. कमिटीला वाटलं सुटलो. मग साहेबांनी यंत्र खिडक्यांकडे वळवलं. दुसऱ्या मजल्यावर तीन फ्लॅट्सनी बॉक्स ग्रिल काढलेत, भिंतीच्या बाहेर ६० सेंटीमीटर. त्यात कुंड्या, आणि एकीच्या बाहेर कपडे वाळवायची स्टीलची दांडी. ग्रिलपासून अंतर १.५. म्हणजे रंगकाम राहिलं बाजूला, रोज सकाळी कपडे टाकणारी बाईच नियमाच्या आत.

लाईन आधीची की इमारत, यावर जुन्या सभासदांचं अर्धा तास भांडण झालं. साहेब शांतपणे म्हणाले, लाईन कधीची असो, ग्रिल नंतरचे आहेत. लाईन सरकवायची किंवा तो तुकडा केबलने खालून न्यायचा तर अंदाजपत्रक मिळेल, खर्च सोसायटीचा. ग्रिल काढलात तर रोजच्या अंतरात बसता. पण परांची आली की पुन्हा आत, त्यामुळे मागच्या भिंतीचं काम फक्त रीतसर शटडाऊनमध्येच.

शेवटी असं ठरलंय: तीन बाजू आता. मागची भिंत कंपनीच्या पावसाळापूर्व देखभालीच्या शटडाऊनच्या दिवशी, परमिट आमच्या नावाने नाही तर त्यांच्याच माणसाच्या नावाने, तो दिवसभर खाली उभा. परांची नाही, गच्चीवरून दोरीचा झुला, कारण एका दिवसात परांची बांधून, रंगवून, सोडून होत नाही. तेवढ्या वेळात फक्त भेगा भरणं आणि वॉटरप्रूफिंग. रंग दिवाळीनंतर बघू. मागून कोण बघतंय?

फुकटचा_सल्लागार

ग्रिलवाले तयार झाले?

सेक्रेटरी_नाइलाजाने

दोन तयार. तिसरे म्हणतात, "आधी बाकीच्यांचे काढा." त्यांना लेखी नोटीस दिली आहे आणि दांडी मात्र त्याच दिवशी समोर उभं राहून काढून घेतली.

ट्रॅक्शनवाला

झुला गच्चीवरून सोडताना जादा दोर खाली लोंबकळू देऊ नका, वाऱ्याने तारेवर जातो. ओला नायलॉन दोर बांबूपेक्षा काही बरा नाही. आणि शटडाऊन संपायच्या तासभर आधी पोरांना वर घ्या, अर्थिंग काढायच्या वेळी भिंतीवर कुणी नको.

गणिती_गोपाळ

मागच्या भिंतीवर एसीचे बाहेरचे डबे आहेत का? ते साफ करायला मेकॅनिक खिडकीतून बाहेर उतरतो, हातात पाण्याचा पाइप घेऊन.

सेक्रेटरी_नाइलाजाने

आहेत. चार. एकाचं सर्व्हिसिंग याच शनिवारी आहे, आत्ता वॉचमनच्या वहीत बघितलं. त्या फ्लॅटवर जाऊन येतो, मग लिहितो.